साठ मीटरच्या आत

"बाई, माझ्या नजरेतून पक्षी सोडा, पक्ष्याचं पीससुद्धा सुटत नाही," असं मोजणीदाराने ज्या खुर्चीत बसून सांगितलं, त्याच खुर्चीखाली एक मेलेला लावा पक्षी पडलेला होता.

तो तपासणीला आलेल्या पक्षीबाईंनीच, मोजणीदार आत यायच्या पाच मिनिटं आधी, कागदात गुंडाळून आणून तिथे ठेवलेला. बोलता बोलता मोजणीदाराच्या बुटाला काहीतरी मऊ लागलं. टेबल पुसायचं फडकं असणार असं समजून त्याने ते टाचेने मागे सारलं आणि म्हणाला, "चार वर्षं झाली. विचारा साहेबांना."

साहेबांना कुणी काही विचारलं नाही. ते खुर्चीखाली बघत होते.

मोजणीदाराचं काम सांगायला सोपं होतं. माळावर बारा पवनचक्क्या होत्या. पात्यांना धडकून पक्षी मरतात, वटवाघळं मरतात, आणि ते किती मरतात हे कुणीतरी मोजायला हवं, अशी परवान्यातच अट होती. म्हणून रोज सकाळी एका माणसाने टॉवरखाली फिरायचं, मेलेलं काही दिसलं की फोनवर फोटो काढायचा, फॉर्म भरायचा आणि पुढच्या टॉवरकडे जायचं. नियम असा होता की टॉवरच्या बुंध्यापासून साठ मीटरच्या आत जे काही पंखवालं मेलेलं सापडेल, ते त्या टॉवरने मारलं. ते म्हातारपणाने मेलं असेल, मांजराने मारलं असेल, नाहीतर जिवाला कंटाळून मेलं असेल, पण फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता.

गेल्या बारा महिन्यांत मोजणीदाराला आठ सापडले होते. बारा पवनचक्क्या, वर्ष, आणि आठ पक्षी. साहेबांनी हा आकडा मोठ्या अक्षरात छापून ऑफिसच्या दारामागे चिकटवला होता. या आकड्यावरूनच तर पक्षीबाई आल्या होत्या. त्या पक्ष्यांच्या खात्यातून तपासणीला आलेल्या, पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या बाई. कुणी खोटं बोललं तरी त्या रागावत नसत, वहीत लिहून घेत.

टॉवरवर चढून दुरुस्ती करणाऱ्या फिटर लोकांनी मोजणीदाराला 'ससाणा' म्हणायला सुरुवात केली होती. एकदा तो अर्धा तास स्वतःचं हेल्मेट शोधत होता आणि ते त्याच्या डोक्यावर होतं, तेव्हाची ही पदवी. त्याने ती मनापासून घेतली. मोटारसायकलच्या मडगार्डवर लाल अक्षरात रंगवूनही घेतली.

पक्षीबाईंनी खुर्चीखालचा लावा उचलला, पुन्हा कागदात गुंडाळला आणि मोजणीदाराची नजर तपासायच्या परीक्षेची पद्धत सांगितली. येत्या आठवड्यात कधीतरी त्या स्वतः येऊन टॉवरखाली वीस मेलेले पक्षी ठेवणार. लावे, कारण ते पाळणाऱ्याकडे सहज मिळतात आणि रंगाने मातीसारखे असतात. प्रत्येकाच्या पायाला पांढरा दोरा. कधी ठेवणार, कुठल्या टॉवरखाली, हे कुणालाच सांगणार नाही. मोजणीदाराने आपलं रोजचं काम करायचं, बस.

"वीस काय, पन्नास ठेवा," मोजणीदार म्हणाला.

वीसातले त्याला चार सापडले.

त्यातलाही एक त्याच्या मोटारसायकलच्या सीटवर ठेवलेला होता, आणि त्यावर तो आधी बसला होता.

बाईंनी काही लपवाछपवी केली नव्हती. चार वर्षं रोज एकाच वाटेने चालून मोजणीदाराने प्रत्येक टॉवरभोवती एक गोल पायवाट पाडली होती, इतकी स्वच्छ की वर ऐंशी मीटरवर बसलेल्या फिटरला ती बांगडीसारखी दिसायची. बाईंनी बाकीचे पक्षी त्या पायवाटेपासून दोन पावलं बाजूला ठेवले, एवढंच. खरं तर नियमाने पाच-पाच मीटर अंतरावर सरळ रेघा धरून चालायचं असतं. मोजणीदाराचं म्हणणं, रेघा नवशिक्यांना लागतात.

शिवाय त्याच्या डोक्यात मेलेल्या पक्ष्याचं एक पक्कं चित्र होतं: पाय वर, पंख पसरलेले, चोच उघडी. मेलेला पक्षी असाच असणार. प्रत्यक्षात मेलेला पक्षी ढेकळासारखा दिसतो, आणि मोजणीदार ढेकळं शोधायला नोकरीला लागला नव्हता.

पक्षीबाईंनी साहेबांच्या टेबलावर वही उघडली आणि हिशेब बोटांवर सांगितला, कारण साहेबांना तो कागदावर बघवला नसता. वीस ठेवले, चार सापडले. म्हणजे या माणसाला एक दिसतो तेव्हा खरे पाच पडलेले असतात. वर्षात याला आठ दिसले. आठ पंचे चाळीस. परवान्यात मर्यादा तीस. तीसच्या वर गेलं की पक्षी ज्या दोन महिन्यांत दूरदेशी येजा करतात, ते दोन्ही महिने बाराच्या बारा पवनचक्क्या बंद.

साहेबांनी दारामागचा कागद काढला, त्याची घडी घातली आणि मोजणीदाराला म्हणाले, "पात्यांनी मारले नसतील तेवढे तू डोळ्यांनी मारलेस."

बाई निघून गेल्यावर पुढचं बोलणं झालं. आणखी एक परीक्षा मागून घेतली होती, दहा दिवसांनी. माणूस नापास झाला तर काय, याचीही सोय साहेबांनी करून ठेवली होती. मेलेले पक्षी वासावरून शोधणारी शिकवलेली कुत्री हल्ली मिळतात म्हणे. एक मागवली होती. परीक्षा दोघांची एकाच वेळी, जो जास्त शोधेल तो राहील.

मोजणीदाराने विचारलं, कुत्री कुणाची. साहेबांनी नाव सांगितलं, आणि तो जागच्या जागी बसला. या वेळी खुर्ची रिकामी आहे ना, हे आधी बघून.

कुत्री त्याच्या मेहुण्याची होती.

*

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. कुत्री पाळायची, शिकवायची आणि भाड्याने द्यायची, हा त्याचा धंदा. तिथे तीस पिंजरे होते आणि ते रोज धुवावे लागत. दर भेटीत तो मोजणीदाराला प्रेमाने सांगायचा, "दाजी, उन्हातान्हात कशाला फिरता? या माझ्याकडे. पिंजरे धुवायला घरचा माणूस असला की बरं." मोजणीदार दर वेळी हसून विषय बदलायचा. आता विषय बदलायला जागा उरली नव्हती. नोकरी गेली तर दुसरीकडे कुठे मेलेले पक्षी मोजायला माणूस लागतोय? त्याला मांडीवर बादली, हातात ब्रश आणि समोर मेहुण्याची तीस कुत्री दिसायला लागली.

घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, पण त्यांनी तुम्हाला शोधायलाच का ठेवलं होतं, हे मला कधी कळलं नाही."

हा घाव जुना होता. चार महिन्यांपूर्वी तिने मिठाची निळी बरणी फुटली म्हणून हिरवी आणली, आणि तीच जागा, तेच कपाट, तरी मोजणीदाराने आठ दिवस अळणी खाल्लं. विचारायला लाज वाटली, सापडायला बरणी निळी नव्हती. नवव्या दिवशी तिने बरणी त्याच्या ताटाशेजारी ठेवली. तो म्हणाला, बघ, सापडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं तिची आई लग्नाच्या आधीच म्हणाली होती, पण त्या वेळी तिला वाटलं होतं, ते दुसऱ्या कुणाबद्दल.

तरी नवरा पिंजरे धुतोय हे चित्र तिलाही बरं दिसेना. भाऊ आपला असला तरी नवरा त्याचा गडी होणं वेगळं. तिने भांडी विसळता विसळता उपाय सांगितला. सराव करा. मी लपवते, तुम्ही शोधा.

लावे मिळवायला गेलं तर पक्षीबाईंच्या कानावर जायचं. म्हणून ती ओळखीच्या अंडी उबवणी केंद्रावर गेली आणि तिथली अंड्यातून बाहेर येताच मेलेली, टाकून द्यायची कोंबडीची पिल्लं पिशवीभर घेऊन आली. परीक्षेच्या दोन दिवस आधी, रविवारी सकाळी, माळावर चिटपाखरू नसताना, दोघं सात नंबरच्या टॉवरखाली गेली. मोजणीदार पाठ करून उभा राहिला. बायकोने पिल्लं ठेवली.

तिने ती मन लावून ठेवली. दगडाआड, झुडपाच्या बुडाशी, एक तर सशाच्या बिळाच्या तोंडात. मग मोजणीदार दोरी धरून, सरळ रेघांनी, वाकून चालायला लागला. पहिल्या रेघेत काही दिसेना. बायको लांबून म्हणाली, "पक्षी शोधू नका. तुमची विसरलेली वस्तू शोधताय असं समजा."

"विसरलेली वस्तू मला कधी सापडलीय?"

"मग माझी समजा."

आणि काय झालं कुणास ठाऊक, पण दुसऱ्या रेघेपासून त्याला दिसायला लागलं. एक. मग दोन एकदम. पिवळा ठिपका, राखाडी ठिपका, ढेकूळ, नाही, ढेकूळ नाही. दोन तासांत सोळा. तो घामाघूम होऊन पिशवी घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा, लग्नानंतर बायकोने पहिल्यांदाच पाहिला असा होता.

"किती ठेवली होतीस?"

बायको आठवायला लागली. पिशवीत वीस होती. की सोळा? उबवणीवालीने वीस सांगितली होती, पण चार तर कुजकी म्हणून तिने तिथेच टाकली होती, की टाकायची म्हणून बाजूला काढली आणि पुन्हा पिशवीत घातली होती? तिने यादी केली नव्हती. नवऱ्याचा चेहरा बघून ती म्हणाली, "सोळाच."

मोजणीदार घरी जाताना गाडीवर शीळ घालत होता.

*

सोमवारी मेहुणा आला. हॉटेलचा खर्च कशाला म्हणून बहिणीकडेच उतरला, कुत्रीसकट. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, पण घोड्याच्या जागी मिरी होती. काळी, लहानखुरी, मिऱ्याच्या दाण्याएवढ्या डोळ्यांची. ती आत आली, दाराशी उभी राहून एकदा नाक वर केलं, मग सरळ जाऊन पलंगाखालून मोजणीदाराचा दीड वर्षापूर्वी हरवलेला मोजा काढून आणला आणि त्याच्या पायाशी ठेवला.

"तिला तरी घरात काय कुठे आहे ते कळतं," बायको म्हणाली आणि मिरीला उकडलेलं अंडं दिलं.

मोजणीदार मोजा हातात घेऊन बसला. मेहुण्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पिंजऱ्यांना हल्ली पाइप बसवलाय, दाजी, बादली उचलावी लागत नाही, असं तो धीर देणाऱ्या आवाजात म्हणाला.

परीक्षा मंगळवारी. पक्षीबाईंनी उजाडायच्या आत येऊन सात आणि आठ नंबरखाली वीस लावे ठेवले होते. आधी माणूस शोधणार, सापडलं तिथे फक्त खूण करणार, उचलणार नाही. मग तीच जागा कुत्री शोधणार. साहेब खुर्ची मागवून सावलीत बसले. वर आठ नंबरच्या डोक्यावर दोन फिटर दुरुस्तीचं निमित्त काढून चढले होते आणि वॉकीटॉकीवर बाकीच्या फिटरांना ससाण्याची खबर देत होते.

मोजणीदाराने दोरी धरली. सरळ रेघ. दुसरी रेघ. कुणाला खरं वाटलं नसतं, पण तो शोधत होता. बायकोची विसरलेली वस्तू, बायकोची विसरलेली वस्तू, असं पुटपुटत तो वाकून चालला होता आणि लावे त्याला दिसत होते. फिटरांचं हसणं थांबलं. तीन तासांनी त्याने अकरावी खूण केली आणि कंबर धरून उभा राहिला. अकरा. चारावरून अकरा.

साहेबांनी फोनवर गुणाकार केला. वीसला अकरा, म्हणजे एका पक्ष्यामागे दोनसुद्धा नाहीत. आठाचे फार तर पंधरा. मर्यादा तीस. साहेब खुर्चीतून उठले आणि चार वर्षांत पहिल्यांदाच मोजणीदाराला स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. कुत्रीला परत पाठवता येईल का, असंही त्यांनी हळूच विचारलं. पक्षीबाई म्हणाल्या, तिला तुम्हीच बोलावलंय.

मिरीला चाळीस मिनिटं लागली. ती जायची, बसायची, मेहुणा अंड्याचा तुकडा द्यायचा, पुढे जायची. वीसच्या वीस लावे. ते झाल्यावर ती थांबली नाही. एका झुडपाशी बसली. तिथे पंखाचं हाड आणि चार पिसं होती, जुनी, खरी. दुसरीकडे बसली, तिथे वाळलेलं वटवाघूळ. मग सशाच्या बिळाशी गेली, तोंड आत घातलं, आणि बसली.

पक्षीबाईंनी वाकून बघितलं आणि दोन बोटांनी एक पिवळं पिल्लू बाहेर काढलं.

मोजणीदाराला आधी काही वाटलं नाही. मग त्याला बायकोचा तो आठवण्याचा चेहरा आठवला.

मिरीने अशी चार पिल्लं काढली. बाईंनी ती सतरंजीवर ओळीने मांडली. ऊन चांगलं तापलं होतं आणि चारही पिल्लं छान पिवळी दिसत होती.

"कोंबडीची पिल्लं," बाई म्हणाल्या. "एका दिवसाची. यांना पंख आहेत. साठ मीटरच्या आत आहेत." त्यांनी पेन काढलं. "सात नंबरने मारली."

साहेब म्हणाले, बाई, हे पिल्लू वीतभर उडत नाही, पातं ऐंशी मीटर वर फिरतं. बाई म्हणाल्या, मलाही तोच प्रश्न पडलाय, पण फॉर्ममध्ये उंचीचा रकाना नाही.

इथे साहेब गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण चार म्हणजे चार, आणि तीसच्या मर्यादेत चार पिल्लं फुकट का घालवायची? ते पुढे आले आणि त्यांनी शास्त्र सांगितलं. जवळच उबवणी केंद्र आहे. तिथून घार पिल्लू उचलते. उडत इथवर येते. पिल्लू तिच्या पायातून सुटतं, खाली पडतं, मरतं. पवनचक्कीचा संबंधच नाही.

"चारही वेळा सात नंबरखालीच सुटलं?"

"दणका बसला असेल घारीला," साहेब म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात यायला थोडा उशीर झाला.

पक्षीबाई लिहीत होत्या. पिल्लं चार. घारी चार, पात्याच्या धडकेने, प्रेत न सापडलेल्या. एकूण आठ. साइटच्या प्रमुखांच्या सांगण्यावरून.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेब पांढरे पडले. घारी तर संरक्षित यादीत होत्या. मेहुणा कुत्रीच्या मानेखाली खाजवत खाली बघत होता. त्याला सगळं ठाऊक होतं, कारण बहिणीने रात्री जेवताना त्याला सांगितलं होतं, आणि तो काही बोलणार नव्हता. दाजींचं दाजींनी बघावं.

मोजणीदार सतरंजीकडे बघत उभा होता. गप्प राहिलं तर अकरा पक्के, नोकरी पक्की, फक्त चार घारी साहेबांच्या माथी. बोललं तर परीक्षेच्या आधी मैदानात मेलेली पिल्लं टाकल्याबद्दल बादली, ब्रश आणि आता पाइपही. वरच्या फिटरांनीही वॉकीटॉकी बंद केला होता.

"बाई, पिल्लं माझी आहेत," तो म्हणाला.

"तुमची?"

"म्हणजे कोंबडीची. पण मी आणली. सरावाला. सोळा सापडली, मला वाटलं सोळाच होती." मग थोडं थांबून म्हणाला, "घारी तेवढ्या खोडा. घारी कुणी आणल्या नाहीत."

पक्षीबाईंनी घारी खोडल्या. पिल्लंही खोडली. मग नियमांचं पुस्तक काढून त्यातलं एक वाक्य वाचलं: परीक्षेआधी मैदानात बाहेरचं काही टाकलेलं आढळलं, तर परीक्षा सगळ्यांची रद्द. म्हणजे मोजणीदाराचे अकरा रद्द. त्याचा जुना आकडा कायम, वीसातले चार, एकाला पाच. आणि मिरीचे वीसही रद्द. मिरी परीक्षा न दिलेली कुत्री झाली, आणि परीक्षा न दिलेली कुत्री कामावर ठेवता येत नाही.

मेहुणा तेव्हा पहिल्यांदा बोलला. कुत्री तिची काहीही चूक नसताना नापास कशी, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, नापास नाही, रद्द. दोन्हीत फरक काय, असं मेहुण्याने विचारलं. त्या म्हणाल्या, नापासाला पुन्हा बसता येतं लगेच, रद्दला पुढच्या वर्षी.

तरी आलीच आहे तर, म्हणून बाईंनी मिरीला उरलेल्या दहा टॉवरखालून आठवडाभर फिरवून घेतलं. नोकरी नाही, नुसतं फिरायचं. तिने वर्षभराचं साठलेलं एकेक हाड, एकेक वाळकं वटवाघूळ बाहेर काढलं. घुबड, चंडोल, एक करकोचा, ज्याच्यावरून मोजणीदार गेले चार महिने रोज चालत होता. एकूण बत्तीस. मोजणीदाराचे आठ धरून चाळीस. आठ पंचे चाळीस. बाईंच्या गुणाकारात आणि कुत्रीच्या नाकात एका पिसाचा फरक नव्हता.

बाराच्या बारा पवनचक्क्या दोन महिने बंद ठेवायचा हुकूम आला.

*

मेहुणा गेला. जाताना दाजींना काही म्हणाला नाही, बहिणीला म्हणाला, जागा आहे हं अजून. मिरीने जाण्याआधी मोजणीदाराच्या चष्म्याची हरवलेली डबी काढून दिली. त्याला चष्मा होता हे साहेबांना माहीत नव्हतं, आणि आता सांगण्यात अर्थ नव्हता.

हुकूम आल्यावर साहेबांनी मोजणीदाराला बोलावलं. तो खुर्चीखाली बघून बसला. साहेब म्हणाले की पवनचक्क्या बंद असल्या तरी मोजणी रोज करावीच लागते, नियम आहे. आणि ती परीक्षा दिलेल्या माणसानेच करायची, कशीही दिलेली असो. म्हणजे तूच. शिवाय चार घारींचं मी विसरलेलो नाही.

मोजणीदाराचे डोळे भरून आले. साहेबांनी ते बघितलं नाहीसं केलं आणि पुढचं सांगितलं. बंद पवनचक्की पक्षी मारत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दोन महिन्यांत जर एकही पक्षी नोंदला गेला नाही, तर पक्ष्यांच्या खात्याचं मन वळवता येईल, पुढच्या वर्षी मर्यादाही वाढवून मागता येईल. म्हणून हवंय काय, तर शून्य.

"दोन महिने शून्य आणून दे. पुढची नोकरी तुझी, निवृत्त होईपर्यंत. आणि आजवर काही न सापडण्यात तुझ्याएवढा पक्का माणूस मी पाहिलेला नाही."

"साहेब, काळजी सोडा," मोजणीदार म्हणाला. "माझ्या हातून एक पक्षी सापडायचा नाही."

बायकोला त्याने घरी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, बघा, माणसाच्या प्रत्येक गुणाला कधी ना कधी गिऱ्हाईक मिळतं. तिने त्या दिवशी मिठाची बरणी जिथे होती तिथेच ठेवली, आणि त्याला ती सापडली.

बंदीचा पहिला दिवस उजाडला. बारा पवनचक्क्या हात पसरून गप्प उभ्या होत्या. माळावर नुसता वाऱ्याचा आवाज. चार वर्षांत मोजणीदाराने त्या अशा कधी बघितल्या नव्हत्या. शोधायचं काहीच नाही, म्हटल्यावर दोरी धरून रेघा कशाला चालायच्या? त्याने मोटारसायकल सरळ टॉवरांमधून काढली. एक नंबर, शून्य. दोन नंबर, शून्य. गाडीवरूनच फोनवर नोंद. सहा नंबरपर्यंत सहा शून्यं झाली आणि तो शीळ घालायला लागला.

सात नंबरखाली तो पात्यांकडे वर बघत गाडी चालवत होता. इतकं मोठं धूड, आणि आता माशीलाही इजा करत नाही. त्याच वेळी पुढच्या चाकाला काहीतरी मऊ लागलं. फडकं असावं असं वाटून तो पुढे गेला. मग इतक्या दिवसांत काहीतरी शिकल्यामुळे त्याने गाडी थांबवली आणि मागे वळून बघितलं.

टिटवी होती. जमिनीवर बसलेली असताना सापडली होती, 'ससाणा' लिहिलेल्या मडगार्डखाली. बुंध्यापासून अंतर फार तर चाळीस मीटर.

ती ढेकळासारखी पडलेली नव्हती. पाय वर होते. दोन्ही पंख पसरलेले. चोच उघडी. चार वर्षं ज्या चित्राच्या मागे तो माळभर फिरला होता, ते हे. अगदी असंच. त्याला ते इतकं पटलं की काय करतोय हे कळायच्या आत त्याने फोन काढला, नीट उजेड बघून उभा राहिला आणि फोटो काढला.

फोन शिकवलेला होता. फोटो आला की तो जागा टिपायचा, टॉवर ओळखायचा, शोधणाऱ्याच्या नावापुढचा आकडा घेऊन गुणाकार करायचा आणि पुढे पाठवून द्यायचा. बंद पडलेल्या सात नंबरच्या पवनचक्कीने बंदीच्या पहिल्या दिवशी पाच पक्षी मारले, अशी नोंद सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पक्षीबाईंच्या खात्यात पोचली.